खुर्चीघराची मेट्रन

चाकाच्या खुर्चीला ब्रेक असतो आणि तो बसण्याआधी लावायचा असतो, हे ज्ञान मला झालं तेव्हा मी उतारावर होतो.

सासूबाईंचा गुडघा बरा झाला होता. त्यांच्यासाठी आणलेला वॉकर परत द्यायला मी खुर्चीघरात गेलो होतो. निघताना बायकोनं दोन गोष्टी बजावल्या होत्या. वॉकर पुसून द्या, आणि तिथे उगाच कशाला हात लावू नका. पैकी पहिली मी पाळली. दुसरीही मोडली असं म्हणता येणार नाही, कारण मी हात लावलाच नाही. मी बसलो.

दाराशीच ती उभी होती. नवी कोरी, जाड टायरांची, पाठीला निळं रेक्झिन. आत कुणी नव्हतं. मोकळी खुर्ची समोर असताना ताटकळत उभं राहणं माझ्या प्रकृतीला मानवत नाही. मी टेकलो. खुर्ची किंचित हलली. गंमत वाटली, म्हणून पायानं जरासा रेटा दिला. खुर्चीघराच्या दाराला पायऱ्या नाहीत, सिमेंटची उतरण आहे, आणि उतरणीपुढे तशीच खाली जाणारी गल्ली. सुरुवातीला लोकांना वाटलं, मी कुठेतरी निघालोय. टेलरनं मशिनीवरून मान वर करून "काय, बरं आहे ना?" असं विचारलंसुद्धा. त्याला उत्तर द्यायला तोंड उघडेपर्यंत मी सलून मागे टाकलं होतं. गल्लीच्या तळाशी इस्त्रीवाल्याचं टेबल असतं. ते होतं म्हणून हे लिहायला मी आहे. नाहीतर त्यापुढे मोठा रस्ता लागतो.

भानावर आलो तेव्हा माझ्या अंगावर कुणाचे तरी कडक इस्त्रीचे सहा-सात शर्ट होते, खुर्ची आडवी झाली होती आणि तिचं पुढचं चाक एकटंच गटाराच्या दिशेनं निघालं होतं. क्षणात गर्दी जमली. इस्त्रीवाल्यानं स्वतःचं स्टूल मला दिलं. शर्टांबद्दल चकार शब्द काढला नाही. कुणी पाणी आणलं, कुणी बर्फ. कोपऱ्यावरचे हार्डवेअरवाले शेठ दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढून दुखण्यावर मारायचा फवारा घेऊन धावत आले. समोरच्या घरातल्या निवृत्त शिक्षिका, ज्यांना सगळी वस्ती नुसतं 'बाई' म्हणते, त्यांनी आपल्या हातानं माझ्या पायाला पट्टी बांधली. इतकं प्रेम मला माझ्या पुस्तकांनी कधी मिळवून दिलेलं नाही.

मग गर्दी आपोआप बाजूला सरली आणि मेट्रन आल्या. त्यांनी आधी खुर्चीकडे पाहिलं. ती उलटी केली, मागचं चाक गरागरा फिरवलं, पुढच्या चाकाचा मोडलेला दांडा बोटांनी चाचपला.

"गेली," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "आणि तुमचं काय?"

"पाय..." मी जमेल तितक्या क्षीण आवाजात म्हणालो.

त्यांनी घोटा धरून पिळला. मी किंचाळलो.

"मुरगळलाय. मोडलेला नाही. मोडलेल्याचं ओरडणं वेगळं असतं."

त्या वर जाऊन एक काठी घेऊन आल्या, मला उभं केलं, काठीची मूठ माझ्या मनगटाशी येते का पाहिलं, आणि ती माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "चला."

मेट्रन कधीच मेट्रन नव्हत्या. उभा जन्म त्यांनी हॉस्पिटलच्या हाडांच्या वॉर्डात आया म्हणून काढला. पण त्या वॉर्डात शिरल्या की डॉक्टर हातातली सिगरेट लपवायचे, आणि खऱ्या मेट्रन म्हणायच्या, "त्यांना विचारा." पेशंटांनी एकदा 'मेट्रन' म्हटलं ते कायमचं चिकटलं. आता वय झालंय. केस मागे घट्ट बांधलेले, अंगात नवऱ्याचं जुनं खिशाखिशांचं जाकीट. एका खिशात पाना, एका खिशात तेलाची कुपी, उरलेल्या खिशांत काय असतं ते विचारायची कुणाची छाती झालेली नाही.

खुर्चीघर सुरू झालं ते या नवऱ्यापायी. तो फार दिवस अंथरुणाला खिळून होता. तो गेल्यावर त्याची लोखंडी कॉट शेजारच्या आजोबांकडे गेली, तिथून परत आली, पुन्हा दुसरीकडे गेली. मग कुणी कुबड्या आणून दिल्या, कुणी कमोडची खुर्ची. पाण्याच्या पंपाची बंद पडलेली खोली नगरपालिकेनं दिली, आणि वस्तीत कुणाचं हाडबीड मोडलं की घरचं माणूस आधी इथे यायला लागलं. समारंभात या गोष्टीबद्दल बोलताना पाहुण्यांचा गळा दाटून येतो. मी एकदा मेट्रनना विचारलं होतं, कॉट द्यावीशी का वाटली? त्या म्हणाल्या, "जागा अडवत होती."

आतमध्ये कुबड्या उंचीप्रमाणे खिळ्यांना टांगलेल्या असतात, वर्गफोटोला उभ्या केलेल्या पोरांसारख्या. फिनेलचा वास. वस्तू न्यायची, माणूस बरं झालं की आणून द्यायची. कधी कधी माणूस बरं न होताही वस्तू परत येते. त्या दिवशी मेट्रन ती धुताना कुणाशी बोलत नाहीत.

इथला एक नियम मात्र मी दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही. जो वस्तू परत करायला येतो, त्यानंच पुढच्या आजाऱ्याच्या घरी जायची वस्तू पोहोचवायची. आपली असो की दुसरी. बाई म्हणतात, बरा झालेला माणूस दारात पाहिला की आजारी माणसाला उमेद येते, म्हणून हा नियम केलाय. शेठ म्हणतात, यातून वस्तीत एकी राहते, म्हणून केलाय. मेट्रन म्हणतात, "माझी कंबर दुखते."

त्या नियमाच्या तडाख्यात मी सापडलो. मी वॉकर परत केला होता, तेव्हा पुढची वस्तू पोहोचवायची ती मीच. आणि पुढची वस्तू होती ती निळी खुर्ची.

"आज संध्याकाळी जायची होती," मेट्रन म्हणाल्या.

"कुठे?"

"पत्र्याच्या गोदामात."

काठीवर भार देत मी जरा थांबलो. गोदामात पलीकडचे राहतात. पलीकडचे म्हणजे सीमेपलीकडून आलेले. तिकडे धड काही उरलं नाही म्हणून गेल्या काही वर्षांत ते इकडे आले. छपरं घालतात, बाटल्यांच्या कारखान्यात खोकी भरतात, मिळेल ते करतात. आमच्या वस्तीत त्यांच्याबद्दल मत नसलेला माणूस सापडणार नाही. त्यांच्याशी बोललेला माणूस सापडायलाही जरा वेळ लागेल.

"पण खुर्ची तर मोडली," मी म्हणालो.

"मग निरोप पोहोचवा. मोडली म्हणून सांगा. कुणी मोडली तेही सांगा."

गोदामात पडदे टांगून खोल्या पाडल्या आहेत. एका पडद्याआड खोक्यांच्या फळ्यांच्या पलंगावर छप्परवाला आडवा होता. मांडीपर्यंत प्लास्टर, पिंढरीशी खिडकी कापून ठेवलेली, आत जखम. त्याची बायको कामाचे बूट घालून तयारच होती. मी खुर्चीचं सांगितलं. तिनं माझ्याकडे पाहिलं, काठीकडे पाहिलं, आणि खाली बसली.

तिच्या सांगण्यातून कळलं ते असं. एक दिवसाआड जखम बांधून घ्यायला हॉस्पिटलात जावं लागतं. भंगारवाल्याच्या हातगाडीवर घालून नेतात. मागच्या खेपेला गाडी खड्ड्यात गेली, टाका उसवला. डॉक्टर म्हणाले, पुन्हा उघडली तर पाय ठेवता येणार नाही.

"परवा सकाळी जायचंय," ती म्हणाली. "त्याच गाडीवर?"

मला काही बोलणं भाग होतं, म्हणून मी छप्परवाल्याला विचारलं, "पडलात कसे? काम करताना?"

तो दिलखुलास हसला. "काम करताना कधी पडलो नाही, साहेब. सुट्टी होती. पैज लागली. या पत्र्यावरून त्या पत्र्यावर उडी मारायची."

"घेतली होती," बायको म्हणाली.

"थोडी. पण जिंकलो! पलीकडच्या पत्र्यावर पोचलो. पोचल्यावर पत्रा तुटला."

"जिंकला," बायको मला म्हणाली. "बघून घ्या. जिंकलेला माणूस असा दिसतो."

परत येऊन मी सगळं मेट्रनना सांगितलं. त्या मोडक्या दांड्याला दोरा लावून माप घेत होत्या. दांडा इथे मिळणारा नव्हता, मागवायला हवा होता. वस्तीत आता चालती खुर्ची एकच राहिली होती, ती शेठच्या घरी. त्यांच्या आईचं खुब्याचं हाड बरं झालं होतं आणि म्हातारी हल्ली काठीनं अंगणभर फिरून सुनांना कामं सांगत होती. म्हणजे खुर्ची परत यायचीच होती.

"मग सोपं आहे," मी म्हणालो. "ती देऊन टाका."

"सोपं असतं तर समिती कशाला लागली असती?"

खुर्चीघराला तिघांची समिती आहे. शेठ, बाई, आणि एक कंपाउंडर. मेट्रनना मत नाही. त्या फक्त सगळं काम करतात. एरवी समिती वर्षातून एकदा चहाला जमते. पण शेठनी निरोप धाडला होता की, दोन खुर्च्या होत्या तेव्हा गोष्ट वेगळी, आता एकच उरली, तेव्हा ती वस्तीबाहेर जाण्याआधी ठराव व्हायला हवा. कंपाउंडर मुलीकडे गेले होते आणि नातू चालायला लागल्याशिवाय परतणार नव्हते.

"त्यांच्या जागी तुम्ही बसा," मेट्रन मला म्हणाल्या.

"मी? का?"

"नुकसान केलंत. काहीतरी करा."

आता शेठ आणि बाई या दोघांबद्दल सांगितलं पाहिजे. शेठ म्हणजे 'आधी आपले' पक्षाचे. दुकानात काउंटरच्या मागे तशी पाटीच आहे. ज्यांनी वर्गणी दिली, ज्यांच्या बापजाद्यांनी नळाची लाइन आणली, त्यांचा हक्क पहिला. पलीकडचे आले, हात पसरले आणि घेऊन गेले, हे त्यांना खपत नाही. बाई अगदी दुसऱ्या टोकाच्या. माणूस तितका एक, सीमा कागदावर असतात, ज्याला गरज त्याला द्या. निवडणूक आली की दोघांच्या गॅलऱ्यांतून दोन झेंडे समोरासमोर फडफडतात आणि मधल्या दोरीवर दोघांचीही धुणी वाळत असतात.

आणि मेट्रन? मला हेच कुतूहल होतं. मी बेधडक विचारलं, तुम्ही मत कुणाला देता?

"शेठच्या पक्षाला."

मी काठी टेकवून उभाच राहिलो. "म्हणजे पलीकडचे येऊ नयेत असं तुमचं म्हणणं?"

"नकोच. किती यायचं त्याला काही मोजमाप? शिवाय मोठ्यानं बोलतात. तो छप्परवाल्याचा मेव्हणा, सांगून सांगून तोंड दुखलं, रोज माझ्या उतरणीवर सायकल लावतो."

"आणि तरी खुर्ची त्यांनाच देणार होता?"

"सायकल मेव्हण्याची. पाय ह्याचा मोडलाय."

असा माणूस मला आजवर भेटला नव्हता. एखाद्याचं एक मत कळलं की उरलेली मतं न विचारता सांगता येतात, असा माझा अनुभव होता, आणि त्या अनुभवावर माझं निम्मं लिखाण उभं आहे.

दुसऱ्या दिवशी मेट्रन मला बरोबर घेऊन निघाल्या. लंगडणाऱ्या माणसाला बरोबर घ्यायचं कारण विचारलं, तर म्हणाल्या, "तुम्ही असलात की लोक जरा जपून बोलतात. लिहाल म्हणून." पहिला मुक्काम शेठच्या दुकानात. मेट्रननी नट मागितला, आणि शेठ डबे धुंडाळत असताना सहज सूर लावला.

"शाळेचं छप्पर बरं बसलंय नाही? मागच्या वादळात एक पत्रा हलला नाही."

"हलेल कसा? स्क्रू माझे आहेत."

"त्या छप्परवाल्यानं बसवलं ते. गोदामातला. भर उन्हात, एकदाही खाली न उतरता. आल्यापासून एक दिवस बसून खाल्लेलं नाही त्यानं."

शेठचा हात डब्यातच थांबला. "तो उंच, मिशीवाला? अहो, तो माझ्याकडे येतो! मोजून स्क्रू नेतो, उरले तर आणून देतो. मालाबद्दल कधी कटकट नाही. तो होय पडलेला?"

"तोच. मांडीपर्यंत प्लास्टर आहे."

"च् च् च्." शेठनी नट मेट्रनच्या तळहातावर ठेवला आणि पैसे घ्यायचे विसरले. "हे बघा, आधी आपले हे माझं तत्त्व आहे, ते मी सोडणार नाही. पण कामाचा माणूस निराळा. तो कसा... तो जवळजवळ आपलाच."

तिथून आम्ही बाईंकडे. बाईंनी आमच्यासाठी चहा टाकला, माझी पट्टी पाहिली, मला आणखी एक उशी दिली आणि मानवतेबद्दल बोलायला लागल्या. फार सुंदर बोलत होत्या. चहा उतू गेला तरी वाक्य पुरं केलं. मेट्रननी कप खाली ठेवला.

"त्याचं कसं झालं माहितीये ना, बाई? पैजेवर पत्र्यावरून उडी मारली."

"पैजेवर?"

"सुट्टी होती. घेतली होती थोडी."

बाईंनी चष्मा काढला आणि पदार्थ चाखावा तशी ती माहिती तोंडातल्या तोंडात घोळवली.

"म्हणजे... अपघात नाही."

"पडला तो अपघातच की. उडी मुद्दाम."

"मेट्रन, माझं मन तुम्हाला माहीत आहे. पण साधनं तुटपुंजी असताना जबाबदारीचाही विचार करायला हवा. खरे गरजू कितीतरी असतील त्यांच्यात. अशा एकदोघांमुळेच सगळ्यांचं नाव खराब होतं. आणि मला तर वाटतं, त्याला खुर्चीपेक्षा समुपदेशनाची गरज आहे."

बाहेर पडल्यावर मी रस्त्यातच मेट्रनना गाठलं, म्हणजे त्या थांबल्या म्हणून गाठता आलं. "हे काय केलंत? एकाला अर्धं सांगितलंत, दुसऱ्याला उरलेलं अर्धं! आणि तेही उलटंपालटं! शेठना पैजेचं सांगितलं असतंत आणि बाईंना कामाचं, तर दोघं आपापल्या जागी खूश राहिले असते."

"म्हणूनच नाही सांगितलं."

"पण का?"

"बघायचं होतं. चाक हातात घेतलं की मी दोन्हीकडून फिरवून बघते, कुठे अडतं ते."

"आणि काय दिसलं?"

"माणूस कष्टाळू निघाला की शेठ हलतात. माणूस खुळा निघाला की बाई अडतात." त्या चालू लागल्या. "दोघांचंही बेअरिंग तसं चांगलं आहे."

त्या संध्याकाळी खुर्चीघरात सभा भरली. शेठ खुर्ची ढकलत आले. तिच्यात त्यांच्या आईची फुलाफुलांची उशी तशीच होती. बाईंनी कमोडच्या खुर्चीवर झाकण आहे ना याची खात्री करून घेतली आणि तिच्यावर बसल्या. मी कॉटवर, काठी मांडीवर. मेट्रन खाली फरशीवर बसून शेठनी आणलेल्या खुर्चीच्या आसाला तेल देत होत्या. दार उघडं होतं. उतरणीच्या टोकाशी छप्परवाल्याची बायको येऊन उभी राहिली होती. कारखान्यातून थेट आली असावी, बाह्यांना पुठ्ठ्याचा भुसा लागला होता. 'आत या' म्हटलं तर नको म्हणाली. उद्या सकाळी काय करायचं तेवढं कळलं की झालं.

शेठ खाकरले. "माझं स्पष्ट मत आहे. खुर्ची देऊन टाकावी."

"माझा विरोध आहे," बाई म्हणाल्या.

दोघांनी चमकून एकमेकांकडे पाहिलं. इतक्या वर्षांत दोघांनी एकमेकांच्या बाजूनं कधी एक वाक्य बोललेलं नव्हतं. सभा सुटल्यावर दुसऱ्याच्या चपला घालून अर्ध्या वाटेवर पोहोचलेल्या माणसाचा चेहरा होतो, तसे दोघांचे चेहरे झाले. चपला तर मापाच्या वाटताहेत, पण आपल्या नव्हेत.

"बाई, तुम्ही विरोधात?"

"आणि तुम्ही बाजूनं? तुम्हाला पैजेचं माहीत नाही वाटतं."

"कसली पैज?"

बाईंनी सांगितलं. उडी, सुट्टी, थोडी घेतलेली, सगळं. शेठ ताडकन उभे राहिले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर घरी पोहोचल्याचं समाधान पसरलं.

"बघा! मी सांगत होतो! यायचं, प्यायचं, उड्या मारायच्या, आणि खुर्च्या आम्ही द्यायच्या!"

"अहो, आत्ता तर देऊन टाका म्हणत होता."

"ते तो शाळेचं छप्पर घालणारा आहे म्हणून. एक दिवस बसून खाल्लं नाही म्हणे."

"शाळेचं छप्पर? आपल्या शाळेचं?" आता बाई उठल्या. "मग हे आधी नाही का सांगायचं? वादळात मुलं त्याच छपराखाली होती! मेट्रन, मला का नाही बोललात? एका चुकीवरून माणसाला जोखायचं असतं का? माझा विरोध मी मागे घेते."

"आणि मी माझा पाठिंबा!" शेठ म्हणाले.

दोघं आपापल्या जागी खाली बसले. दोघांनाही फार बरं वाटत होतं. माणूस तोच, पाय तोच, दोन्ही गोष्टी दोघांना माहीत, आणि प्रत्येकानं आपल्याला हवी ती तेवढी उचलून घेतली होती. मेट्रन आस फिरवून बघत होत्या. मला वाटतं त्या हसत होत्या, पण मान खाली होती.

"शिवाय हे बघा," शेठ पुढे म्हणाले, "एकच खुर्ची. उद्या आपल्यातलं कुणी पडलं तर? पडत नाही का कुणी?" आणि पुराव्यादाखल त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"कुणी पडेल म्हणून पडलेल्याला द्यायची नाही?" बाई म्हणाल्या.

"आणि पोहोचवायची कुणी? नियमानं मी. त्या गोदामात जाऊ मी? लोक काय म्हणतील?"

"त्यात काय एवढं?"

"तुम्ही कधी गेलात तिथे?"

बाई अडखळल्या. "मी त्यांच्यासाठी दोनदा सह्या गोळा केल्यात."

"तिथे जाऊन?"

"तिथे जाऊन नाही... त्यांच्या बाजूनं."

शेठ विजयी मुद्रेनं मागे टेकले. मग एकाएकी दोघांच्याही लक्षात आलं की एक मत इकडे आणि एक तिकडे आहे, आणि दोघांनीही सावकाश माझ्याकडे तोंड वळवलं. बाहेरून छप्परवाल्याची बायकोसुद्धा माझ्याकडे पाहू लागली.

मी काठीची मूठ दोन्ही हातांनी धरली. आयुष्यात प्रथमच माझ्या मताला किंमत आली होती, आणि ते मत कुठे ठेवलंय ते मला सापडत नव्हतं. शेठचं पटत होतं. बाईंचंही पटत होतं. माणूस कष्टाळू होता हे खरं. त्यानं खुळेपणा केला हेही खरं. तो इथे राहणार की पुढेमागे परत जाणार? पुन्हा पैज लागली तर पुन्हा उडी मारेल का? खुर्ची नीट वापरेल का? बरं झाल्यावर नियमानं पुढच्याच्या घरी पोहोचवेल का? त्याच्या तोंडावर जरा पश्चात्ताप दिसला असता तर काम सोपं झालं असतं. तो तर हसत होता. हे सगळं मी बोलूनही दाखवलं. बोलता बोलता मला रंग चढला. प्रश्नाला अनेक पैलू आहेत, घाईनं निर्णय घेणं योग्य नाही, शक्य तर आणखी थोडी चौकशी व्हावी, असंही म्हणालो. शेठ मान डोलावत होते. बाईही डोलावत होत्या. फक्त छप्परवाल्याच्या बायकोनं एकदा गल्लीच्या तळाकडे पाहिलं, जिथे भंगारवाल्याची हातगाडी उभी होती.

तेलाची कुपी खिशात गेली. मेट्रन गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि खुर्ची वळवून तिचं तोंड दाराकडे केलं. आता कुणीतरी काहीतरी ठरवायला हवं होतं, आणि तो कुणीतरी मी होतो. मला आधार हवा होता.

"मेट्रन," मी म्हणालो, "तुम्ही त्याला पाहिलंय, आम्हालाही पाहिलंय. शेठ-बाईंचं राहू द्या. तुम्ही एकदाच खरं सांगा. हा माणूस या खुर्चीला लायक आहे का?"

मेट्रननी माझ्याकडे पाहिलं नाही. माझ्या हातातल्या काठीकडे पाहिलं.

"खुर्ची मोडून वर काठी घेऊन गेलात, तेव्हा तुम्हाला विचारलं होतं का कुणी?"